पावसाळा संपेपर्यंत

सुई आत गेली तरी मुलीनं डोळे मिटले नाहीत. ओठ घट्ट दाबून ती आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"शाब्बास!" अश्रिता मराठीतच म्हणून गेली. मग चिचेवा या तिथल्या भाषेतल्या पाठ केलेल्या मोजक्या शब्दांची जुळवाजुळव करत तिनं विचारलं, "तुझं नाव काय?"

"तादाला," मुलगी म्हणाली आणि हसली. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले होते.

मनगटावरच्या पट्टीवरही तेच नाव होतं. अश्रितानं हातातलं यंत्र पट्टीवर धरलं, हिरवा दिवा लागला, आणि तिनं सलाइनची कळ उघडली. वॉर्डात आणखी अकरा पोरं होती. त्यातली निम्मी रडत होती, दोघं पळून जायच्या बेतात होती. आया बाहेरच्या पडवीत चुलींवर मक्याचं पीठ शिजवत बसल्या होत्या. ही पोर शांत पडली होती म्हणून अश्रिता तिच्याजवळून लवकर निघाली. जाताना तिनं तिचा गाल थोपटला.

अश्रिता गावित नवापूरजवळच्या एका पाड्यातली. वय सव्वीस, शिक्षणानं नर्स. महाराष्ट्रातल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून पाठवलेल्या सात जणांच्या वैद्यकीय पथकात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेत, मलावीला आली होती. म्तेंदेरे नावाच्या गावी मिशनचा एक जुना दवाखाना होता आणि तो चालवणारे लायसन न्यिरेंडा नावाचे स्थानिक आरोग्य अधिकारी. पथकाचे प्रमुख डॉ. शलमोन उजागरे नगरहून आलेले, निवृत्त बालरोगतज्ज्ञ. निघण्यापूर्वीच्या उपासनेत त्यांनी अश्रिताला पुढे उभं केलं होतं आणि म्हणाले होते, "इतर मंडळी औषधं घेऊन जातायत. ही पोर स्वतःच आपली साक्ष आहे."

ते खरंच होतं. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत अश्रिताला सिकलसेल होता.

रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात त्या हिमोग्लोबिनच्या जोरावर. ते कसं बनवायचं याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. सिकलसेलच्या रुग्णात या कृतीत एकाच अक्षराची चूक असते. पण तेवढ्यानं गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडं कोणी आतून पिळून काढतंय अशा वेदना सुरू होतात. जनुकाच्या प्रती दोन असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही चुकीच्या असल्या तर आजार. एकच चुकीची असली तर माणूस धडधाकट राहतो, फक्त पुढच्या पिढीला ती चूक देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात.

अश्रिता लहान होती तेव्हा या आजारावर गोळ्या होत्या, बाटल्या चढवणं होतं आणि प्रार्थना होती. नंतर ते सलाइन आलं. तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांमध्ये बसवलेलं दुरुस्तीचं एक यंत्रच म्हणा ना. नसेतून शिरायचं, हाडांच्या मगजात पोचायचं, चुकीचं अक्षर शोधायचं, खोडायचं आणि तिथे बरोबर अक्षर लिहायचं. दोन तासांचं काम. त्यानंतर मगज आपोआप नीट पेशी तयार करू लागतो. अश्रिताच्या अंगात ती दुरुस्ती होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत ती एकदाही दवाखान्यात रुग्ण म्हणून गेली नव्हती. येत्या जानेवारीत एलिया वसावेशी तिचं लग्न ठरलं होतं. तो धडगावच्या आश्रमशाळेत शिक्षक होता.

आता तेच सलाइन ती दुसऱ्यांच्या पोरांना देत होती. रोज संध्याकाळी ती इतकी खूश असायची की पथकातल्या बायका तिला चिडवायच्या.

त्या सलाइननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी एस्नार्ट नावाची बाई एका कण्हणाऱ्या मुलीला पाठीवर बांधून दवाखान्यात आली. नवरा दक्षिण आफ्रिकेत खाणीवर, घरी दोन मुली, असं न्यिरेंडांनी पूर्वी सांगितलेलं अश्रिताला आठवलं. मागून दुसरी मुलगी चालत येत होती. सलाइन घेतलेल्यांना पहिल्या दिवसांत थोडी अंगदुखी होते, म्हणून अश्रितानं काळजी केली नाही. तिनं मुलीला पलंगावर घेतलं, हात हातात धरला आणि थांबली.

हाताच्या मागे सुईची ताजी खूण नव्हती. जुने, काळपट पडलेले कितीतरी वण होते, ताजा एकही नाही. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं होतं. मुलीनं कण्हताना तोंड उघडलं. पुढचे दात सगळे जागेवर होते.

अश्रितानं मागे वळून पाहिलं. दारात उभी असलेली दुसरी मुलगी हात पाठीमागे लपवत होती.

न्यिरेंडा आले. खाली बसले. त्या मुलीशी हळूहळू बोलत राहिले. मग उठून अश्रिताला म्हणाले, "ही चिकोंडी. धाकटी. सात वर्षांची. पलंगावर आहे ती तादाला, दहा वर्षांची. आजारानं वाढ खुंटल्यामुळे दोघी एकाच मापाच्या दिसतात."

"पण मी नाव विचारलं होतं. ती तादाला म्हणाली."

"ताई सुईला फार भिते, फार रडते, म्हणून हिनं ताईच्या हातातली पट्टी काढून स्वतःच्या हातात घातली. आई तेव्हा पडवीत होती, आणि सलाइन संपल्यावर हिनं पट्टी परत ताईला दिली." न्यिरेंडांनी चिकोंडीकडे पाहिलं. "मी विचारलं, तुला टोचल्यावर ताई कशी बरी होणार? म्हणते, आम्ही एकाच ताटात जेवतो. वाटलं, तिलाही पोचेल."

 दोघींचे चेहरे आता अश्रिता शेजारी शेजारी पाहत होती. अजिबात सारखे नव्हते. गावातल्या कुठल्याही माणसाला लांबून ओळखू आल्या असत्या. फक्त तिला आल्या नव्हत्या, कारण तिला येऊन चारच दिवस झाले होते.

तादालाला वेदनाशामक दिलं, बाटली लावली. रुग्णांच्या भावंडांचीही रक्ततपासणी आधीच झालेली होती; अश्रितानं त्यातला चिकोंडीचा निकाल काढून पाहिला. एक प्रत बरोबर, एक चुकीची. चिकोंडी वाहक होती.

दुपारी औषधांच्या खोलीत ती उजागरे सरांसमोर उभी राहिली.

"सर, तिच्या धडधाकट शरीरातली ती एक चुकीची प्रत आता दुरुस्त होणार."

"होऊ दे की. नुकसान काय?"

"मलेरिया, सर."

 उजागरे सरांना समजावून सांगायची गरज नव्हती. ती चूक माणसांत इतकी हजारो वर्षं का टिकली, याचं उत्तर वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मलेरियाचा परोपजीवी तांबड्या पेशीत शिरून वाढतो. वाहकाच्या पेशीत तो शिरला की ती पेशी वाकडी होते, शरीर तिला लगेच निकालात काढतं आणि परोपजीवी तिच्याबरोबरच संपतो. वाहकाला ताप येतो, पण तो जिवावर सहसा बेतत नाही. म्हणून जिथे जिथे हा ताप माणसं मारत होता, तिथे तिथे ही चूक टिकली, मलावीत टिकली तशीच सातपुड्यातही. ज्या जनुकाच्या दोन प्रतींनी अश्रिताचं बालपण कुरतडलं, त्याच्याच एकेका प्रतीनं तिच्या आईबापाला जंगलातल्या तापातून तगवलं होतं.

"वाहकाच्या जुन्या पेशी आजाऱ्याच्या वाकड्या पेशींसारख्या दोन-तीन आठवड्यांत मरत नाहीत, चारेक महिने जगतात," अश्रिता म्हणाली. "त्या एकेक करून मरणार आणि नव्या येतील त्या साध्या. म्हणजे ऐन पावसाळ्यात तिचं कवच उतरणार. इथला पावसाळा डिसेंबर ते मार्च."

"हे बघ, इथली बहुतेक मुलं वाहक नाहीतच. ती साध्याच रक्तानं जगतात ना? चिकोंडी त्यांच्यासारखी झाली, इतकंच."

"त्यातली किती मरतात तेही तुम्हाला माहीत आहे, सर."

उजागरे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी हे लपवा म्हणत नाही. आधी वरच्या कार्यालयाला कळवू, ते काय म्हणतात पाहू, मग आईला सांगू. आज सांगितलंस तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. उद्या एकही बाई पोर घेऊन येणार नाही. अजून तीस मुलं बाकी आहेत, अश्रिता. तुझ्यासारखी तीस."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते टोचलं. तिनं खिडकीतून पाहिलं. एस्नार्ट आंब्याच्या झाडाखाली बसून चिकोंडीला आंब्याची फोड भरवत होती.

"कार्यालयाचं उत्तर यायला आठवडा लागेल," ती म्हणाली. "तेव्हा आपण विमानात असू. मग तिला कोण सांगणार? न्यिरेंडा सर? चूक माझ्या हातानं झालीय."

उजागरे सरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि उठले. "चल. मीही येतो."

न्यिरेंडांनी एकेक वाक्य चिचेवात सांगितलं. एस्नार्टनं शेवटपर्यंत ऐकलं. उजागरे सरांनी दोन्ही हात जोडून क्षमा मागितली, तेव्हा तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अश्रिताकडे पाहत होती.

"माझा पहिला मुलगा तापानंच गेला," ती म्हणाली. "मोठी जन्मापासून अशी. ही एकटी कधी आजारी पडली नाही. ही एकटी! तुम्ही मोठीला बरं करायला आलात आणि धाकटीला बिघडवून ठेवलंत."

"तादालासाठी औषध आहे अजून," अश्रिता म्हणाली. "आज नको, वेदना थांबल्या की चार दिवसांनी. खरंच बरी होईल ती. मी स्वतः..."

न्यिरेंडांनी भाषांतर पूर्ण करायच्या आत एस्नार्ट उठली होती. पोरीच्या वेदना जरा उतरल्याबरोबर ती दोन्ही मुलींना घेऊन निघून गेली. तादालाचं सलाइन तिनं नाकारलं.

उजागरे सर म्हणाले होते तसंच झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्ड जवळजवळ रिकामा होता. त्यानंतर न्यिरेंडा घरोघर फिरले. पट्टीवर भरवसा ठेवायचा नाही, सलाइन लावताना आई पोराशेजारीच बसेल असा नियम त्यांनी केला, आणि आठवडाअखेर तीसपैकी बावीस मुलं परत आली. तादाला आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अश्रिता एकटीच एस्नार्टच्या घरी गेली. घर दवाखान्यापासून दोनेक किलोमीटरवर, चढ उतरून खाली. एस्नार्ट अंगणात मका सोलत होती. तिनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तिच्या शेजारची एक मुलगी इंग्रजी शाळेत जायची, तिला बोलावून घेतलं.

अश्रितानं बाही वर करून हातावरचे वण दाखवले, तादालाच्या हातावर होते तसेच. मग आपल्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पांढरा भाग दाखवला. "मी अशीच होते," ती म्हणाली.

एस्नार्टनं वणांवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ती म्हणाली, "तुझ्या गावात असा ताप आहे?"

"पूर्वी होता. आता फारसा नाही."

"मग तुला काय. तू उद्या जाशील. पाऊस मला काढायचाय, हिच्याबरोबर." तिनं अंगणात खेळणाऱ्या चिकोंडीकडे मान वळवली. "तू राहशील पावसाळाभर?"

तिनं उत्तराची अपेक्षा ठेवून विचारलं नव्हतं. पाहुण्यांना असं विचारलं की ते खाली बघतात, हे तिला माहीत होतं. अश्रितानंही आधी खाली पाहिलं. जानेवारी, मांडव, छापून झालेल्या पत्रिका, एलियाच्या आईनं स्वतः निवडलेली साडी. मग ती म्हणाली, "पाऊस संपेपर्यंत राहते."

शेजारच्या मुलीनं ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा एस्नार्टला ते खरं वाटलं नाही.

एलियाला तिनं फोनवर सांगितलं.

"पत्रिका वाटून झाल्यात," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आई काय म्हणेल माहीत आहे? तिला आधीच वाटतं की तू आजारातून उठलेली. त्यात आता हे. तिकडे मलेरियात जाऊन बसणार चार महिने!"

"मी रोज गोळी घेते, एलिया."

"गोळीचं सांगू नकोस. त्या पोरीची आई आहे, डॉक्टर आहे, सरकार आहे. तूच का?"

"सुई मी लावली होती."

"अश्रिता, मला विचारायचं तरी होतंस."

 विचारायला हवं होतं, हे तिलाही पटत होतं. विचारलं असतं तरी ती राहिली असती, हेही तिला ठाऊक होतं. त्यानंतर बरेच दिवस एलियाचा फोन आला नाही.

विमानतळाकडे निघालेल्या गाडीत बसताना उजागरे सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग न्यिरेंडांना म्हणाले, "शीतपेटीत एक मात्रा ठेवतोय. नियमात बसत नाही. त्या मोठ्या मुलीच्या नावची आहे, तिचीच राहू दे."

गाडी गेल्यावर न्यिरेंडा म्हणाले, "चहा घेणार? पाहुणी म्हणून शेवटचा. उद्यापासून तुमची पाळी सकाळी सहाला."

पाऊस आला. रस्त्याची लाल माती चिखल झाली, पूल बुडाला, शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता आठवड्यातले निम्मे दिवस बंद असायचा. अश्रिता दवाखान्यामागच्या खोलीत राहू लागली. मक्याच्या उकडीसारखा घट्ट गोळा आणि वाळवलेली बारीक मासळी खायला शिकली. पहिल्यांदा खाताना तिला घरची मक्याची भाकरी आणि सुकट आठवली होती. एक दिवसाआड ती चढ उतरून एस्नार्टकडे जायची. महिन्यातून एकदा चिकोंडीला मलेरिया टाळण्याची गोळी द्यायची, मच्छरदाणी फाटली नाही ना बघायची, बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायची. चिकोंडी हात पुढे करायची आणि ओरडायची, "मी रडत नाही!" एस्नार्ट चुलीपासून हलायची नाही. पण काही दिवसांनी अंगणात एक स्टूल दिसू लागलं. अश्रिता येण्याच्या दिवशीच ते बाहेर असायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी अश्रिता दवाखान्याचं दार उघडायला गेली तर पायरीवर एस्नार्ट बसलेली, मांडीवर तादाला.

"हिला दे," एस्नार्ट म्हणाली. भाषांतराला कोणी नव्हतं, पण एवढं आता अश्रिताला कळत होतं.

तादाला खूप रडली. एस्नार्टनं तिला धरलं, चिकोंडीनं तिचा दुसरा हात धरला आणि तिच्या कानात काहीतरी सांगत राहिली. सलाइन सुरू करण्याआधी अश्रितानं मुलीचा चेहरा नीट पाहिला, नाव विचारलं, आईला विचारलं, धाकटीला विचारलं. तेव्हा एस्नार्टच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "हीच आहे," ती म्हणाली. "मी जन्म दिलाय, मला माहीत आहे."

जानेवारीच्या मध्यावर एलियाचा फोन आला. तो सरळ मुद्द्यावर आला. "ईस्टरनंतरचा शनिवार धरलाय. पाळकसाहेबांशी बोललो."

"आई?"

"रविवारी मंडळीत तुझ्यासाठी प्रार्थना घेतली. आई उभी राहिली. नंतर घरी आल्यावर भांडी जोरात आपटली, पण उभी राहिली." मग तो म्हणाला, "मी रागावलो होतो. अजून थोडा आहे. पण तू परत आली असतीस आणि त्या पोरीचं काही झालं असतं, तर मी कोणाशी लग्न केलं असतं कुणास ठाऊक. ती पोरगी कशी आहे?"

"रक्तात आता निम्म्याहून जास्त पेशी नव्या आहेत. साध्या. म्हणजे खरे दिवस आता सुरू होतील."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अश्रिता दवाखान्याच्या अंगणात दात घासत होती. चढावरून कोणीतरी ओरडत येत होतं. लहानशी मुलगी, चिखलानं माखलेली, एक चप्पल हातात. "सिस्टर! सिस्टर! चिकोंडी!"

अश्रितानं पेटी उचलली आणि पळाली. अर्ध्या वाटेवर एस्नार्ट समोरून येताना दिसली, चिकोंडी पाठीवर बांधलेली. मुलीची मान लुळी पडली होती, अंग तव्यासारखं तापलं होतं. पहाटे थंडी भरली, मग झटका आला, एस्नार्ट धापा टाकत सांगत होती. महिन्याची गोळी, मच्छरदाणी, सगळं होतं. पण गोळी म्हणजे कुंपण, भिंत नव्हे, आणि कुठून तरी डास आत आला होता.

दवाखान्यात न्यिरेंडा तयार होते. थेंबभर रक्त तपासणीच्या पट्टीवर टाकलं, दोन रेघा लगेच उठल्या, म्हणजे मलेरियाच. साखर घसरलेली होती. अश्रितानं नस शोधली. सुई पहिल्या प्रयत्नात आत गेली. आधी ग्लुकोज, मग मलेरियाचं इंजेक्शन. न्यिरेंडांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली आणि खुणेनं तिला बोलावलं. प्रत्येक नजरेत कितीतरी पेशींमध्ये ती बारीक, अंगठीसारखी खूण दिसत होती. पेशी छान गोल होत्या, अगदी निरोगी, आणि परोपजीवी त्यांत आरामात वाढत होता. हे आपण केलं, असं अश्रिताच्या मनात आलं. तिनं सूक्ष्मदर्शकापासून डोळे काढले आणि परत पलंगाजवळ जाऊन बसली.

"वेळेत आणलंय," न्यिरेंडा एस्नार्टला म्हणाले. "झटक्यानंतर तासाभरात. पूल बुडालेला असताना शहराला न्यायचं म्हणजे... असो. वेळेत आणलंय."

दुपारी आणखी एक झटका आला. छोटा. एस्नार्ट पलंगाच्या पायाशी बसून हळू आवाजात भजन म्हणत होती. सगळे शब्द कळले नाहीत तरी चाल अश्रिताला ओळखीची वाटली. तीही मराठीत सोबत गुणगुणू लागली. दोघींचे शब्द कुठेच जुळत नव्हते. कोणी थांबलं नाही.

संध्याकाळी ताप उतरायला लागला. आधी कपाळावर बारीक घाम, मग गळ्यावर, मग अख्खं अंग ओलं. अश्रितानं दुसरी काच पाहिली. खुणा निम्म्याहून कमी झाल्या होत्या. तिनं पुन्हा पाहिलं, न्यिरेंडांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

सकाळी चिकोंडीनं डोळे उघडले. खोलीभर नजर फिरवली आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "भूक लागली."

 अश्रिता तिथेच जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. तिच्यासमोर एस्नार्टही खाली बसली होती.  न्यिरेंडांनी आणून दिलेली पेज तादाला बहिणीला चमच्यानं भरवत होती आणि मधूनच एखादा चमचा स्वतः खात होती.

"माझी पेज खातेय ही!" चिकोंडी तक्रारीच्या सुरात म्हणाली.

एस्नार्ट हसली. मग तिचं हसू थांबलं. ती तादालाकडे टक लावून पाहू लागली, जणू काही विसरलेलं तिला आत्ता आठवलं होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, अश्रिताला कळावं म्हणून अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "काल तुला बोलवायला कोण आलं?"

"तादाला."

"कशी आली?"

अश्रितानं आठवून पाहिलं. चिखलानं भरलेली ती मुलगी, हातात एक चप्पल, चढावरून ओरडत येणारी. काल तिनं फक्त चिकोंडीचं नाव ऐकलं होतं, दुसरं काही पाहिलंच नव्हतं. दोन किलोमीटर, तेही चढाचे. आणि वर पोचून तिला ओरडायलाही दम उरला होता.

"धावत," अश्रिता म्हणाली.

"धावत," एस्नार्ट म्हणाली. तिनं तोंडावर पदरासारखं वस्त्र घेतलं आणि त्याच्याआडून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, हसत आणि रडत. "दहा वर्षांत घराच्या अंगणाबाहेर चालून गेली की मी हिला उचलून आणत होते. मी फक्त म्हटलं, सिस्टरला बोलव. कोणाला सांगतेय याचं भानच नव्हतं मला. आणि ती धावत गेली. माझी तादाला धावत गेली!"

सगळे आपल्याकडे का बघतायत ते तादालाला कळेना. तिनं घाईघाईनं पेजेचा चमचा बहिणीच्या तोंडात घातला.